डॉक्टर मॅडम, आईच्या गुडघ्यासाठी मनापासून थँक्यू

मॅडम, आईचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, फोनवर थँक्यू म्हणून माझं काही समाधान होईना म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्याकडे आलो तेव्हा आधीच्या हॉस्पिटलने दोन्ही गुडघे एकदम बदला, पुढच्या आठवड्यातच या असं सांगून पॅकेजचा कागद हातात ठेवला होता आणि आईची झोपच उडाली होती. तुम्ही एक्स-रे बघून म्हणालात, हे झोपवून काढलेत, वजन पडल्यावर सांध्यात किती फट उरते ते यात कळत नाही, आणि उभं करून परत काढायला लावलेत. उजव्यात हाडाला हाड घासत होतं, वाटीमागेही झीज. डाव्यात मात्र फक्त आतली बाजू गेलेली, लिगामेंट म्हणजे हाडांना जोडणारे बंध शाबूत, आमवात नाही हेही रक्त तपासून पक्कं केलंत. मग तो प्लॅस्टिकचा गुडघा माझ्या नाही, आईच्या हातात दिलात आणि तिलाच समजावलंत की उजवा पूर्ण बदलू, डाव्याला आत्ता व्यायाम, पुढे लागलंच तर अर्धा बदलूनही भागेल.

किती वर्षं टिकेल विचारलं तर शंभरातले ऐंशीएक २५ वर्षं टिकतात म्हणालात. मांडी घालून पूजेला बसता येईल का, यावर सरळ नाही म्हणालात. आईचा चेहरा उतरला, पण घरी येताना रिक्षात तीच म्हणाली, ही बाई खरं बोलते, हिच्याकडेच करू.

पैशांचंही तसंच, २०१७ च्या ऑगस्टपासून सरकारने इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीला मर्यादा घातलीये, बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी बघून घ्या हे आम्हाला तुमच्याकडूनच कळलं.

आणि ती दुसरी रात्र. मी आईला बरं वाटावं म्हणून गुडघ्याखाली उशी दिलेली, तुम्ही राउंडला आलात, न रागावता उशी काढलीत आणि टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवलीत, गुडघा वाकडाच राहिला तर पुढे चालताना त्रास होतो म्हणून. आई कळवळली तेव्हा तिचा हात धरून थांबलात, बाहेर पेशंट खोळंबलेले असताना.

आता पूजा खुर्चीवर बसून चालते, देव टेबलावर आलेत. जिना कठडा धरून एकटी उतरते. डाव्याचे व्यायाम एक दिवस चुकवत नाही. दिवाळीनंतर दाखवायला येतोय, डाव्याचा एक्स-रे घेऊन, उभं राहून काढलेला.