दशावतारातील यंत्राने नटाच्या मागे चालावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर रात्रभर चालणारी दशावतारी नाटके. या नाटकांना लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, पात्रे ठरलेली असतात, रंगमंचावर एक बाकडे असते. संवाद मात्र नट जागच्या जागी रचतो आणि रचताना त्याचे लक्ष समोरच्या चेहऱ्यांवर असते. प्रेक्षक रंगले तर प्रसंग लांबतो, चुळबुळ सुरू झाली तर पेटीवाल्याला खूण होते आणि पद सुरू होते. प्रेक्षकाचा असा सहभाग हाच ज्या नाटकाचा प्राण आहे, तिथे डिजिटल साधने कशी वापरावीत याचा विचार व्हायला हवा, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात वेंगुर्ले तालुक्यातील एका जत्रेत राजा राणीला घराबाहेर काढतो, हा प्रसंग चालला होता. पुढच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेली एक आजी न राहवून म्हणाली, "अरे, आधी तिचा आयकान तरी घे!" राजाने तलवार खाली केली, आजींकडे वळून हात जोडले आणि "मातोश्री, आपली आज्ञा शिरसावंद्य" म्हणून राणीला बोलू दिले. पुढची दहा मिनिटे मंडपात कोणी हलले नाही. त्याच नाटकात नंतर ऋषींच्या शापाचा ट्रिकसीन होता. मेघगर्जना आणि पडद्यावरची वीज लॅपटॉपमध्ये आधीच बांधून ठेवलेली होती. शापवाणीला लोकांनी दाद दिली म्हणून नट आणखी दोन वाक्ये बोलू लागला, तोच गर्जना सुरू झाली आणि त्याचे शब्द बुडाले. नट चांगला होता, यंत्रही उत्तम होते. पण त्या यंत्राला प्रेक्षक ऐकू येत नव्हता. पखवाजवादकाला तो ऐकू येतो, म्हणून त्याची थाप कधी लवकर पडत नाही.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, हे आवर्जून सांगतो. कॉलर माइकमुळे शेवटच्या रांगेतल्या माणसाला हलका स्वरही पोहोचतो. थेट प्रक्षेपणामुळे मुंबईतल्या चाकरमान्याला रजा नसली तरी आपल्या देवाच्या जत्रेतले नाटक दिसते, आणि याचे मोल गावात राहणाऱ्यांनी कमी लेखू नये. मात्र प्रक्षेपण काही सेकंद तरी मागे असते. त्याखाली उमटणारी दाद नटाला त्या क्षणी मिळत नाही. त्याला दिसतो तो समोरचा कॅमेरा, आणि काही नट आता सहकलाकाराकडे पाठ करून कॅमेऱ्याकडेच बोलू लागले आहेत. मंडपातही वर धरलेल्या मोबाइलच्या उजेडात चेहरे झाकले जातात. ज्याच्या हातात चित्रीकरण चालू आहे तो माणूस सहसा बोलत नाही, हसतानाही हात हलू नये म्हणून जपतो. नटाला उत्तर देणारा एक प्रेक्षक तेवढ्यापुरता कमी झालेला असतो.

हे टाळता येते. इंग्लंडच्या रॉयल शेक्सपियर कंपनीने 2016 मध्ये शेक्सपियरचे 'द टेम्पेस्ट' हे नाटक करताना त्यातील एरियल या पात्राच्या नटाच्या अंगावर संवेदक बसवले होते. तो हलेल तशी त्याची डिजिटल आकृती त्याच क्षणी हलत असे. 2021 मध्ये त्याच संस्थेच्या 'ड्रीम' या ऑनलाइन प्रयोगात घरी बसलेल्या प्रेक्षकांना पडद्यावरचे काजवे हलवून पात्राची वाट उजळता येत होती. दोन्हीकडे यंत्र जिवंत माणसाच्या हालचालीची वाट पाहत होते. आपल्या मंडळांकडे तेवढा पैसा नाही आणि त्याची गरजही नाही. ध्वनी आणि प्रकाशाची कळ दाबणारा माणूस पडद्यामागे न बसवता वादकांच्या शेजारी, नट दिसेल असा बसवावा. लांब ध्वनिफितीऐवजी आवाजाचे छोटे तुकडे ठेवावेत, म्हणजे खुणेबरोबर ते सुरू आणि बंद करता येतील. प्रक्षेपणाचा कॅमेरा एकच आणि बाजूला असावा. देवस्थान समितीने नाटकापूर्वी ध्वनिक्षेपकावरून, चित्रीकरण झाल्यावर सर्वांना मिळेल, तेव्हा मोबाइल खाली ठेवावेत, एवढी विनंती करावी आणि ते चित्रीकरण खरोखरच उपलब्ध करून द्यावे.

जत्रांचे नवे वेळापत्रक ठरताना मंडळांनी आणि समित्यांनी एकत्र बसून याविषयी बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या बैठकीला पुढच्या रांगेत बसणाऱ्या दोन-चार आजींनाही बोलवावे.

आपला विश्वासू,
एक दशावतारप्रेमी वाचक, वेंगुर्ले