वहीतली लाल ओळ

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

माळा आवरताना तुझी वक्तृत्वाची वही सापडली. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलंयस, 'वक्तृत्व म्हणजे समोरच्याला बोलून गार करणं.' चार पानं पुढं ॲरिस्टॉटलची व्याख्या : कुठल्याही प्रसंगी मन वळवायला काय काय उपयोगी पडेल ते ओळखण्याची क्षमता. बाळा, ह्या दोघी एका वहीत नांदल्या कशा? तो तर जिंकण्याचं नावच घेत नाही. उलट वैद्याचा दाखला देतो. रोगी बरा होईलच असं नाही, पण जमेल तेवढे उपचार नीट करणं हे वैद्याचं काम.

वक्त्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि बोलण्यातला तर्क, ही त्याची तीन साधनं तुला पाठ असतील. मला पहिलं साधन चप्पल लाईनीतल्या आपल्या दुकानात कळलं. गिऱ्हाईक विचारतं, 'चावणार काय?' तुझे आजोबा सांगायचे, 'चावंल. तेल लावा, चार दिवस घरात वापरा.' मी नवीन असताना एका नवरदेवाला कापशी कोल्हापुरी चपलांचा जोड 'अजिबात चावत नाही' म्हणून गळ्यात मारला. तिसऱ्या दिवशी तो लंगडत आला, सोबत नवी नवरी. बोलला काहीच नाही, जोड गल्ल्यावर ठेवला आणि गेला. पैसेही मागितले नाहीत. बोलण्यात जिंकलो होतो की मी!

आता माझी एक अडचण सोडव. शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा घेतला, बरोबरच्या सरदार-कारकुनांनाही पाजला. भाषण नाही, काही नाही, पण अस्पृश्यतेविरुद्ध इतकं पटणारं बोलणं गावानं क्वचितच ऐकलं असेल. मात्र ॲरिस्टॉटल म्हणतो, विश्वास बोलण्यातून उभा राहायला हवा, आधीच्या नावलौकिकातून नाही. मग हे वक्तृत्वात धरायचं का? आणि बरोबरच्या लोकांचं मन वळलं, की राजापुढं नाही म्हणता येईना म्हणून कप उचलला? दोन दिवस मी ह्यातच अडकलोय. गिऱ्हाईक आलं तरी लक्ष नसतं, आई चिडते.

पुढच्या स्पर्धेला वही हवी असेल तर एसटीच्या पार्सलनं पाठवतो. लाल ओळीशेजारी मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय, ते खोडू नकोस. आईनं कांदालसूण चटणी बांधून ठेवलीय, तीही त्यातच येईल.

तुझे,
आण्णा