सोयाबीनचे औषध एकरी मोजा

महोदय,

वर्तमानपत्रांतल्या पीक सल्ल्यात कीटकनाशकाचे प्रमाण 'दहा लिटर पाण्यात इतके मिली' असेच छापून येते. सोबत एकरी प्रमाणही द्यावे, ही विनंती. सोयाबीनसाठी क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी हे कीटकनाशक (आकडा घटकाचा टक्का, अक्षरे औषधाचा प्रकार) दहा लिटरला ३ मिली सांगतात, ते एकरी २०० लिटर पाणी धरून. म्हणजे एकराला ६० मिली. आपल्याकडे बॅटरी पंपाच्या १५ लिटरच्या सहा टाक्यांत एकर उरकतो. टाकीला ४.५ मिली घातले तर एकरात पडते जेमतेम २७ मिली. खोडमाशी (हिची अळी खोड पोखरते) हटत नाही, मग कृषी केंद्रावर 'औषध बोगस' म्हणून भांडण. टाक्या कमीच मारायच्या असतील तर ते ६० मिली तेवढ्या टाक्यांत वाटून घ्यावे. मात्र पीक दाटल्यावर कमी पाणी खालच्या पानांपर्यंत पोचत नाही, हेही खरे.

दुसरे खपाचे औषध थायामेथोक्झाम १२.६ अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ९.५ झेडसी, एकरी ५० मिली. उडते भुंगे आणि माश्या यांवर त्याचा गुण चटकन दिसतो, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास. पण खोडात शिरलेल्या अळीपर्यंत लॅम्बडा पोचत नाही. चक्रीभुंगाही खोड पोखरणारा; त्याची मादी देठावर दोन खाचा पाडून मधे अंडी घालते. वरचे पान सुकलेले दिसते तोवर अंडी घालून झालेली असतात. असे देठ खालच्या खाचेसकट तोडून नष्ट करावेत, फवाऱ्याइतकेच ते कामाचे. क्लोरँट्रानिलीप्रोलने अळीचे खाणे लवकर थांबते, मरायला दोन-तीन दिवस जातात. दुसऱ्याच दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून वरून दुसरे औषध मारणे हा फुकटचा खर्च.

बियाण्याला थायामेथोक्झाम ३० एफएस (किलोला १० मिली) लावले असेल, तर पहिल्या फवाऱ्यात पुन्हा तोच घटक नको. तिथे क्लोरँट्रानिलीप्रोल बरे. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग हे, आणि रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) अगदी शेवटी, सावलीत.

नुसती पाने खाणारी उंटअळी असेल तर फुलोऱ्याआधी मीटरभर ओळीत चार अळ्या दिसेपर्यंत थांबता येते. त्यानंतर इंडोक्झाकार्ब १५.८ ईसी एकरी १३३ मिली पुरते. फुलोऱ्यात थायामेथोक्झाम-लॅम्बडाचे वरचे झेडसी टाळावे, मधमाश्या मरतात.

— काही सोयाबीन उत्पादक, जि. वाशीम