कारभारात गरिबांचाही तिसरा हिस्सा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील गरिबीविषयी मराठी वृत्तपत्रांत लिहिले जाते तेव्हा चर्चा बहुधा सरकारी भत्त्यांची होते, नाहीतर चर्चमधल्या अन्नवाटपाची. या दोहोंच्या मधल्या जागेत काम करणाऱ्या ‘कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सी’ नावाच्या सुमारे एक हजार संस्था मात्र सहसा कोणाच्या नजरेत येत नाहीत. ओहायोतील अशाच एका संस्थेत मी हिवाळ्यात लोकांचे अर्ज भरून देतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्ये दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच वर्षीच्या आर्थिक संधी कायद्यातून या संस्था उभ्या राहिल्या. काही स्थानिक सरकारांच्या अखत्यारीत असल्या तरी बहुतेक ना-नफा तत्त्वावर चालतात. कामाची तऱ्हा साधी आहे. गॅस तोडण्याची नोटीस घेऊन माणूस येतो. थकलेले बिल, गेल्या महिन्याच्या पगाराच्या पावत्या आणि घरातल्या सर्वांची ओळखपत्रे पाहून इंधनसाहाय्याचा अर्ज भरला जातो. पण टेबलापलीकडची जाणती कर्मचारी तेवढ्यावर थांबत नाही. घरात तीन-चार वर्षांचे मूल आहे का, हे विचारून ती ‘हेड स्टार्ट’ या बालशाळेचा कागद पुढे करते. घर फार गार पडते असे कळले, तर घर थंडीपासून बंदिस्त करण्याच्या योजनेत नाव घालते. या योजनेतले कारागीर दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात, वारा कुठून शिरतो ते हुडकून फटी बुजवतात आणि माळ्यावर उष्णतारोधक थर भरतात. बिल भरून दिल्याने एक हिवाळा निभावतो, या डागडुजीने पुढचे कित्येक निभावतात. तरीही तिच्यासाठीची प्रतीक्षायादी लांबलचक असते, हे खेदाने नमूद करावे लागते.

माझ्या मते या संस्थांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या संचालक मंडळात आहे. कायद्यानुसार एक तृतीयांश जागा लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांकडे, किमान एक तृतीयांश गरीब वस्त्यांनी लोकशाही पद्धतीने निवडलेल्या प्रतिनिधींकडे आणि उरलेल्या व्यापार, कामगार संघटना, धर्मसंस्था, शिक्षण अशा क्षेत्रांकडे असतात. वस्तीच्या प्रतिनिधीने स्वतः गरीब असलेच पाहिजे असे बंधन नाही, आणि ही पळवाट वापरली जाते. शिवाय सुरुवातीच्या काळात गरिबांचे प्रतिनिधी नगरपालिकांनाच जाब विचारू लागले, तेव्हा १९६७ च्या दुरुस्तीने स्थानिक सरकारांना या संस्था आपल्या नियंत्रणाखाली आणण्याची मुभा दिली, हाही इतिहास आहे. पण ज्या सभेत अर्ज कोणत्या वेळेत घ्यायचे हे ठरते, तिथे रात्रपाळी करणारी एक बाई मताच्या अधिकारासह बसलेली असली की निर्णय वेगळा होतो.

हे सारे ज्यावर टिकून आहे ते केंद्राचे गट-अनुदान (ब्लॉक ग्रँट, म्हणजे एकाच कामाला न बांधलेली ठोक रक्कम) १९८१ पासूनचे असून अलीकडे वर्षाला सुमारे ७७ कोटी डॉलर इतके आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ही रक्कम किरकोळच. पण इतर योजनांचा पैसा ज्या त्या कामालाच बांधलेला असतो, तेव्हा कार्यालय उघडे ठेवण्याचा आणि अडीनडीला धावण्याचा खर्च यातूनच भागतो. २०११ मध्ये ओबामा यांनी ते निम्म्यावर आणण्याचे सुचवले होते, तर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने इंधनसाहाय्यासह ते पुरते बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा हा केवळ एका पक्षाचा दोष मानता येणार नाही.

आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) लोकसंचालित साधन केंद्रांचा कारभार बचत गटांतील महिला पाहतात, म्हणजे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. मात्र कंपन्यांच्या सामाजिक निधीवर चालणाऱ्या अनेक न्यासांच्या विश्वस्त मंडळावर लाभार्थी वस्तीतले कोणीच नसते. अशा न्यासांनी निदान एक तृतीयांश जागा वस्तीने निवडलेल्या व्यक्तींना द्याव्यात, सभा संध्याकाळी घ्याव्यात आणि जाण्यायेण्याच्या खर्चाबरोबर बुडालेली मजुरीही द्यावी, अशी सूचना आपल्या दैनिकाद्वारे करू इच्छितो.

आपला,
एक वाचक, ओहायो (अमेरिका)