नागिणीबद्दल थोडं सविस्तर

प्रिय आई-बाबा,

फोनवर नागीण म्हटलं की आई रडायला लागते आणि माझं अर्धं बोलणं राहूनच जातं, म्हणून लिहून पाठवतेय, दोघांनी निवांत वाचा.

मी आता बरी आहे. खपल्या पडल्या, फक्त डाव्या बरगडीखाली अजून कधीकधी आग होते, कुडतं घासलं तरी चमक निघते. आणि हे दुखणं फोडांच्या आधी सुरू झालं होतं बरं का, पाठीपासून पोटापर्यंत नुसती जळजळ, पंख्याचा वारासुद्धा सहन व्हायचा नाही, डॉक्टरांनी ईसीजी काढला तोही नॉर्मल. मग एका सकाळी त्याच पट्ट्यात लाल पुरळ आणि त्यावर पाण्याचे फोड दिसले तेव्हा कुठे उलगडा झाला.

आई, मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, तू अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरायचीस, आठवतं ना? तोच व्हायरस हा. अंगावरचे फोड गेले तरी तो मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी पडली की एखाद्या नसेतून परत बाहेर येतो. अंगातल्या उष्णतेने होत नाही आणि कुणाची नजर लागूनही नाही.

तुला सगळ्यात जास्त भीती वाटते ती नागिणीचं तोंड-शेपूट एक झालं, म्हणजे पुरळाचा अंगाभोवती वेढा पूर्ण झाला, की माणूस जातो याची. अगं, ती नस मणक्यापासून निघते आणि एकाच बाजूने पुढे येऊन मध्यावर संपते, त्यामुळे पट्टाही बहुतेक तिथेच थांबतो, वेढा सहसा पूर्ण होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच कमी असते त्यांना कधीकधी अंगभर फोड येतात आणि ते गंभीर असतं, पण त्याचा वेढ्याशी काही संबंध नाही.

शेजारच्या काकूंनी गेरूचा लेप सांगितला, कुणीतरी नागीण उतरवणाऱ्याचा नंबरही दिला. पुरळ तसंही दोन ते चार आठवड्यांत आपोआप जातं, म्हणून मंत्राचा गुण आला असं लोकांना वाटतं. पण व्हायरसवरच्या गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो, आणि नेमके तेच तास लेपात वाया जातात. पुरळ गेल्यावरही दुखणं काहींना महिनोन्‌महिने, कुणाकुणाला वर्षभरही राहतं, आणि वय जास्त तेवढा हा धोका जास्त. मला राग येतो तो याचाच.

वहिनीला मी लांब ठेवलं ते विटाळ म्हणून नाही हं. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण फोडातलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात ते नको. खपल्या धरल्या की ती भीती संपते. आंघोळ मात्र मी रोज करत होते, साध्या पाण्याने, फक्त फोड न चोळता, टॉवेल वेगळा.

आता मुद्द्याचं. बाबा, तुम्हाला शुगर आहे आणि वयही साठीच्या पुढे, म्हणून तुम्ही दोघांनी नागिणीची लस घ्यायचीच. ५० वर्षांपुढच्यांसाठी आहे, २०२३ पासून आपल्याकडे मिळते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. हात दुखेल, दोन-तीन दिवस कणकण येईल, बहुतेकांना तेवढंच. महाग आहे पण पैशांचं मी बघते, त्यावर वाद नको. लस घेऊनही अंगावर एकाच बाजूला असं काही उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि कपाळावर, डोळ्यापाशी किंवा नाकाच्या शेंड्यावर आलं तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, नजरेला धोका असतो.

रविवारी फोन करते, तोपर्यंत बाबांची शुगरची फाईल शोधून ठेवा आणि चालू गोळ्यांची नावं एका कागदावर लिहा, डॉक्टर ती विचारतील.

तुमची लेक