ताईची टीएसएच करून घे

सातारा

प्रिय विज्या,

फोनवर तू विचारत राहिलास, "आवाज असा का येतोय रे?" आणि मी सर्दीवर ढकललं. पतसंस्थेत मागे माणसं कान देऊन बसलेली असतात, आणि हे प्रकरण दोन वाक्यांत आटोपणारं नाही. म्हणून हे पत्र. तुझ्यावर एक काम टाकायचंय, तेही लिहितो.

मला थायरॉइड झालाय. थांब, लगेच "मग जाड झाला असशील" म्हणू नकोस. ऐकणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. आपल्याकडे थायरॉइड म्हणजे अंग सुजणं, सुस्ती, थंडी वाजणं. माझा उलट्या बाजूचा, जास्तीचा. वजन ७४ वरून ६१ वर आलं, आणि भूक अशी की जेवून हात धुतला की शेंगदाण्याचा डबा शोधायचा. साताऱ्याचा पावसाळा तुला ठाऊक आहे; घरातले सगळे स्वेटरात आणि मी पंख्याखाली. रात्री डाव्या कुशीवर झालो की उशीतून छातीचे ठोके ऐकू यायचे. दिवसातून तीन-चार वेळा शौचाला. अजिंक्यतारा मी रोज चढायचो ना? पहिल्या वळणावरच मांड्या जाब द्यायला लागल्या. लग्नाच्या पंगतीत बसलो तर उठताना शेजाऱ्याचा खांदा धरावा लागला.

सगळ्यात मजा सहीची. हाताला कंप सुटला होता. संस्थेचा एक चेक बँकेनं सही जुळत नाही म्हणून परत पाठवला. चेअरमननी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "संध्याकाळी काही घेता-बिता का?" आपण दोघांनी कॉलेजात जेवढी घेतली त्याच्यापुढे माझी मजल गेली नाही, हे त्यांना काय सांगणार!

पुरुष माणूस, सेहेचाळीस वय, खाऊन खाऊन वाळतोय, म्हटल्यावर पहिला संशय शुगरचा. ती नॉर्मल. मग टीबी म्हणून छातीचा फोटो, तोही स्वच्छ. ईसीजीत ठोके जलद, बाकी काही नाही. मग एका डॉक्टरांनी टेन्शन ठरवून झोपेची गोळी दिली. झोप आली, पण झोपेतही नाडी नव्वदच्या वर. हे बायकोनं मोजलं, मनगट धरून, घड्याळाकडे बघत.

शेवटी ज्या फिजिशियनबाईंनी पकडलं त्यांनी मशीनला हातच लावला नाही. मला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. मग तळवा हातात घेतला आणि म्हणाल्या, "घाबरलेल्या माणसाचा हात सहसा गार आणि ओला असतो. तुमचा गरम आणि ओला आहे." पाणी गिळायला लावून गळ्याकडे बघितलं, डोळ्यांच्या पापण्या बघितल्या आणि रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्टमध्ये टीएसएच जवळजवळ शून्य. ऑफिसात एक जण म्हणाला, "कमी आलंय, मग चांगलंच की!" त्याला समजावताना माझी नाडी आणखी वाढली. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरीचा हुकूम. रक्तात थायरॉइडचे हार्मोन उतू जायला लागले की पिट्युटरी हुकूम द्यायचं बंद करते. म्हणून तो आकडा तळाला आणि टी३, टी४ हे थायरॉइडचे हार्मोन आभाळाला. दुसऱ्यानं तर कडीच केली, बायकोची थायरॉइडची गोळी पुडीत बांधून आणली. "माझ्या मिसेसला गुण आला, तुम्हीपण घ्या." ती गोळी म्हणजे तोच हार्मोन, जो माझ्यात आधीच जास्त आहे! खाल्ली असती तर ठोक्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

माझ्या प्रकाराला ग्रेव्हज म्हणतात. डब्लिनच्या डॉक्टर ग्रेव्हजनी १८३५ मध्ये तो लिहून ठेवला. शरीरातच अशी अँटिबॉडी तयार होते की ती टीएसएचचं सोंग घेऊन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला चालूच ठेवते. मोटार सुरू ठेवून माणूस गावाला गेला की टाकी वाहत राहते, तसं. अँटिबॉडीची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह. शेजारचे काका म्हणतात, हा बायकांचा आजार. बायकांत कितीतरी जास्त होतो हे खरं. पण अमेरिकेचे थोरले बुश अध्यक्ष असताना, १९९१ मध्ये, धावता धावता त्यांचे ठोके बिघडले आणि निघाला हाच आजार. त्यांच्या बायकोला तो आधीच झाला होता. काकांना हे सांगितल्यावर माझा भाव जरा वधारला.

आता नवा हार्मोन बनणं रोखणारी कार्बिमॅझोलची गोळी चालू आहे, जोडीला ठोक्यांसाठी प्रोप्रॅनोलॉल. दुसरीनं लगेच बरं वाटतं. पहिलीला काही आठवडे लागतात, कारण ग्रंथीत आधीच साठवलेला हार्मोन संपेपर्यंत वाट बघावी लागते. बाईंनी एक गोष्ट दम देऊन सांगितली: ताप येऊन घसा दुखला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. क्वचित या गोळीनं त्या एकदम खाली येतात. गणपतीत माझा घसा धरला, तापही आला. मिरवणूक सोडून लॅब गाठली. पेशी ठीक निघाल्या.

गोळी बारा ते अठरा महिने. त्यानंतर साधारण निम्म्या लोकांत आजार परत येतो. दुसरा रस्ता किरणोत्सारी आयोडीनचा: एक कॅप्सूल गिळायची, ग्रंथी हळूहळू निकामी होते, आणि मग बहुतेकांना त्या मिसेसचीच गोळी जन्मभर. तिसरा, ऑपरेशन. आयोडीननं डोळ्यांचा त्रास वाढू शकतो, सिगारेट ओढणाऱ्यांत जास्तच, आणि माझे डोळे थोडे ताणलेत. म्हणून सध्या गोळीच. सिगारेट सुटली, हे लिहिताना मलाच खरं वाटत नाही. वजन ६५ झालंय. घरात अजूनही मी आवाज चढवला की बायको शांतपणे विचारते, "अहो, गोळी घेतलीत का?" आणि पोरगा हसतो.

आता काम. नाशिकला ताईकडे जाऊन ये. गेल्या महिन्यात आली होती, चार पायऱ्या चढून धापा टाकत होती, बारीक झालीय, रात्र रात्र जागी असते. म्हणते, पाळी जायचं वय आहे, होणारच. असेलही. पण हा आजार घराण्यातून येतो, आणि माझं ती ऐकत नाही. लहान भावाचं कोण ऐकतं? तुझं ऐकेल, तू भाऊबीजेला साडी देतोस. तिला टीएसएच, फ्री टी३ आणि फ्री टी४ करायला लाव. आणि केस गळतात म्हणून ती बायोटिनच्या गोळ्या घेते, त्या रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवायला सांग. नाहीतर काही मशीनवर आजार नसतानाही असल्यासारखे आकडे येतात, आणि मग ती आपल्या दोघांनाही सोडायची नाही.

रिपोर्टचा फोटो मला पाठव, तिला न विचारता.

तुझा,
बाळ्या