दहाचं नाणं आणि 'नाळे बर्री': अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

बेळगावच्या शहापुरात गेली बत्तीस वर्षं माझं किराणा दुकान आहे. आपण राज्यसभेवर कर्नाटकातून निवडून गेलात, म्हणजे आमच्याच झालात. आम्हा सीमाभागातल्या माणसांना 'आमचं' म्हणायला वरती सहसा कोणी सापडत नाही, म्हणून या नात्याचा हक्क सांगून लिहितोय. रागावू नये.

काल सकाळी मी बँकेत गेलो होतो. कापडी पिशवीत दहाची 600 नाणी. आदल्या रात्री बायको आणि मी जेवणं उरकून मोजत बसलो, पन्नास-पन्नासच्या बारा पुड्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधल्या, प्रत्येकीवर पेनानं आकडा घातला. दुकानातल्या काट्यावर टाकलं तर साडेचार किलोच्या वर भरलं. रिक्षावाल्याला हात केला, तर त्यानं पिशवीचा आवाज ऐकून आधी विचारलं, "काका, भाडं नोटेनं देणार की हेच?" मग चालतच गेलो. वय बासष्ट, उजवा गुडघा गेलेला.

काउंटरवरच्या साहेबांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "नाळे बर्री." उद्या या. गेल्या पंधरवड्यातली ही तिसरी खेप. पहिल्यांदा मोजायला माणूस नव्हता, दुसऱ्यांदा ठेवायला जागा नव्हती, आणि "सोमवारी या, नक्की घेतो" असा शब्द त्यांनीच दिला होता. काल सोमवारच होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "स्कॅनर लावा की. चिल्लर कशाला गोळा करता?" मागं रांगेत दोघं-तिघं हसले. बत्तीस वर्षं ज्या माणसानं एक चेक परत जाऊ दिला नाही, तो भिकाऱ्यासारखा झोळी घेऊन उभा.

मॅडम, मी चिल्लर गोळा करत नाही. ती माझ्याकडे येते. कोपऱ्यावरच्या एटीएममधून पाचशेच्याच नोटा पडतात. त्या घेऊन माणूस माझ्याकडे दहाची काडेपेटी-उदबत्ती घ्यायला येतो आणि वर म्हणतो, "मोड द्या." शंभर-दोनशेच्या नोटा निघतील अशी सोय सप्टेंबर 2025 पर्यंत शंभरातल्या पंचाहत्तर एटीएममध्ये करा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं. आमच्या गल्लीतलं मशीन उरलेल्या पंचवीसांतलं असावं. दहाच्या नोटा म्हणाल तर फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या, हळदीचा वास येणाऱ्या. मग उरतं नाणं. पोरं गल्ला फोडून तेच आणतात, देवळातून तेच येतं. आणि मी ते पुढे करायला गेलो की, "हे चालत नाही काका."

का चालत नाही? तर म्हणे दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. काही जण उलटं सांगतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये पत्रक काढलं की तोवर निघालेली चौदाच्या चौदा प्रकारची दहाची नाणी खरी आहेत. पत्रकाची झेरॉक्स मी दुकानात लावली होती, पिवळी पडून गळून गेली. शिनोळीपलीकडून, म्हणजे चंदगडकडून येणारं गिऱ्हाईक एक सांगतं, खानापूरकडचं दुसरंच. सीमा आहे ती माणसांची, ठीक. पण नाण्यालाही सीमा आहे हे आम्हाला दुकानात बसून कळलं. आणि लोकांना तरी काय बोलू? सरकारच्या बँकेनं जे परत पाठवलं, ते खोटंच असणार, असं माणूस धरून चालतो.

कायदा मला पाठ झालाय. 2011 च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत देण्याघेण्यात चालतात, आणि बँकेत भरायला तर मर्यादाच नाही. ती घ्यायला नकार देऊ नका, असं रिझर्व्ह बँक बँकांना पुन्हा पुन्हा बजावते. हे मी काल साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग रिझर्व्ह बँकेतच भरा." बंगळूरला! साडेचार किलो घेऊन पाचशे किलोमीटर.

बँकेच्या लोकांना एक आठवण करून द्यायची आहे. पिग्मी, म्हणजे रोज थोडी-थोडी भरायची बचत ठेव, ही कर्नाटकातलीच. 1928 साली उडुपीकडे सुरू झाली, दारोदार फिरून दोन-दोन आणे गोळा करायला. चिल्लरीवर बँका उभ्या राहिल्या हो! आज माझा पिग्मीवाला पोरगा संध्याकाळी येतो आणि दारातूनच म्हणतो, "काका, नाणी नको, ऑफिसात ओरडतात."

बरं, स्कॅनर. तो आहे. 2019 पासून आहे. पैसे आले की आकडा बोलणारा डबाही आहे, महिन्याला शंभरावर भाडं जातं. मी मराठी मागितलं होतं, बसवणाऱ्यानं कन्नड लावून दिलं. आता मला 'रुपायी' म्हटलेलं झोपेतही ऐकू येतं. असो, तक्रार ती नाही. 12 एप्रिल 2025, शनिवार, त्यात हनुमान जयंती. मारुतीच्या देवळाची गर्दी, नारळ, तेल, कापूर, आणि ऐन दुपारी देशभर यूपीआय बंद. हातात नारळ, तोंडात "काका, चक्र फिरतंय नुस्तं." त्या दिवशी मी वहीत एकवीस नावं लिहिली. सहा अजून फिरकली नाहीत. हनुमानाच्या नावानं सोडून दिली.

आणि 2025 चा जुलै विसरलो नाही. फोनवरच्या पैशांचे आकडे धरून राज्याच्या व्यापारी कर खात्यानं लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. बंगळूरच्या दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे बोर्ड लागले. बोंब झाल्यावर मुख्यमंत्री म्हणाले, जुनी वसुली करणार नाही. दिल्ली म्हणाली, नोटिसा राज्यानं दिल्या. बंगळूर म्हणालं, कायदा दिल्लीचा. मला नोटीस आली नाही. माझी उलाढाल चाळीस लाखांच्या जवळपासही नाही. पण महिनाभर पोस्टमन दिसला की पोटात गोळा यायचा, त्याचा हिशेब कोणत्या रिटर्नमध्ये दाखवायचा? म्हणजे रोख घेतली तर बँक घेत नाही, फोनवर घेतलं तर कर खातं पाहतं. 2016 च्या नोव्हेंबरात रांगेत उभे होतो तेव्हा सांगितलं होतं, थोडे दिवस सोसा. दहा वर्षं होत आली. रांग तीच, फक्त पिशवी बदलली.

शहापुरात माझ्यासारखे दोनशे तरी दुकानदार धरा, प्रत्येकाकडे पाच हजारांची नाणी पडून. मोजदाद कुणी केलेली नाही, माझा अंदाज आहे, पण दहा लाख झाले की! माझ्या सहा हजारांत साखरेची दोन पोती येतात. माल होऊन फिरायची ती नाणी गल्ल्याखाली गंजतायत.

आता थोडं खाजगी. दहाच्या नोटेच्या मागं भाषांची पट्टी असते, पंधरा ओळींची. कन्नड चौथ्या ओळीत, मराठी आठव्या. 1956 पासून आमच्या घरात जो वाद चाललाय, तो त्या बोटभर पट्टीत मिटलेला आहे. पण बँकेतली स्लिप मराठीत मागितली तर साहेब असं बघतात की मी सीमाप्रश्नच काउंटरवर ठेवलाय. काल स्लिप इंग्रजीत भरली, नाणी भारत सरकारची, "नाळे बर्री" मात्र अस्सल कन्नड. कन्नडवर माझा राग नाही. तीस वर्षं त्याच भाषेत उधारी दिली आणि वसूल केली.

मागणं दोनच आहे. आठवड्यातला एक दिवस प्रत्येक शाखेत नाणी घेतली जातील, असा बोर्ड लावायला सांगा, आणि तो मराठीतही असू द्या. आणि पुढचा "उद्या" कधी, ते लेखी द्या.

आपला,
एक किराणा दुकानदार,
शहापूर, बेळगाव

ता. क. हे पत्र स्पीड पोस्टानं धाडलं. खिडकीवरच्या बाईंसमोर दहाची सहा नाणी ठेवली. त्यांनी मोजली, ड्रॉवरमध्ये टाकली, पावती दिली. पिशवीत आता 594 आहेत.